पतंग नव्हे, पाकट

(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके केले आहे.)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं होतं, "तू आयटीत आहेस, एआयबद्दल दहा मिनिटं बोल." मी हो म्हटलं. मग दोन रात्री लिहायला बसले आणि लक्षात आलं की त्या विषयावर तुम्हाला मोबाइलवर रोज माझ्यापेक्षा चांगली भाषणं ऐकायला मिळतात. आपण सगळे अठ्ठावीस वर्षांनी एका छपराखाली बसलोय, तर या छपरामागे जे आहे त्याबद्दलच बोलावं. म्हणजे सड्याबद्दल. संयोजकांनी माफ करावं.

आपल्याला आठवत असेल, आठवीत चित्रकलेच्या सरांनी आपल्याला एका शनिवारी पाखाडी चढून सड्यावर नेलं होतं. निसर्गचित्र काढायचं होतं. वर गेल्यावर सगळ्यांची तोंडं पडली, कारण सड्यावर काढण्यासारखं काही नव्हतंच. झाड नाही, डोंगर नाही, मध्ये उगवणारा सूर्य नाही. नुसता काळा-तांबूस कातळ. आगोट नुकती संपली होती, पहिले दोन-तीन पाऊस होऊन गेले होते. सर म्हणाले, "खाली बघा." खाली कातळात कोरलेल्या रेघांमध्ये पाणी भरलं होतं, आणि त्या पाण्याने एक चित्र उमटलं होतं. चौकोनी अंग, कोपरे ताणलेले, मागे लांब शेपूट. आपण सगळे ओरडलो, "पतंग!"

तेव्हा बंदरावरून चालत शाळेला येणारी आपली एक मैत्रीण, जी आज इथे दुसऱ्या रांगेत बसून मला "नाव घेऊ नको" अशी खूण करते आहे, ती म्हणाली, "पतंग कसला? पाकट आहे ती. शेपटीला काटा असतो." तिच्या घरी रोज मासळी उतरायची. ज्याने ते कोरलं त्याने आणि तिने एकच मासा पाहिला होता. आपण बाकीच्यांनी फक्त पतंग पाहिले होते.

त्या वेळी आपण त्याला पांडवांनी काढलेलं चित्र म्हणायचो. आज त्याला कातळशिल्प म्हणतात. मधल्या काळात काय काय घडलं ते थोडक्यात सांगते, कारण आपल्यातले बरेच जण बाहेरगावी आहेत.

गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ इथली शिल्पं १९९३ मध्ये उजेडात आली. सिंधुदुर्गात कुडोपीची शिल्पं २०१२ च्या सुमारास अभ्यासकांपुढे आली. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी सुट्टीच्या दिवशी गावोगाव सडे तुडवले. गुराख्यांना विचारलं, शाळेतल्या मुलांना विचारलं, म्हाताऱ्यांना विचारलं. दीड हजारांहून अधिक आकृती पुढे आल्या. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्या एका हत्तीच्या अंगात कितीतरी प्राणी, पक्षी, जलचर कोरलेले आहेत. बारसूला दोन बाजूंना दोन वाघांसारखी जनावरं आणि मध्ये उभा माणूस आहे. काही ठिकाणी गेंडा आहे, जो आज कोकणात औषधालाही सापडणार नाही. शार्क आहेत, कासवं आहेत आणि पाकटही आहेत. शेतीचं चित्र मात्र दिसत नाही. म्हणून अभ्यासक म्हणतात की ही माणसं शिकार आणि मासेमारी करणारी असावीत आणि ही चित्रं दहा-बारा हजार वर्षं जुनी असावीत. नेमकं वय अजून अभ्यासाचा विषय आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं एक अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

आपला सडा त्या नऊंत नाही. आपलं पाकट अगदी साधं आहे, साडेतीन हात लांब, शेजारी चार गोल आणि दोन पावलं. पण आपल्याला आता माहीत झालं की ते काय आहे.

आता दुसरी गोष्ट, भूगोलाच्या बाईंची. बाई, तुम्ही समोर आहात म्हणून सांगायला बरं वाटतंय. नववीत तुम्ही वर्गात एक चिरा आणवला होता. तो दोन विटांवर ठेवला, खाली ताट ठेवलं आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी चिऱ्याच्या भोकांत शिरून दिसेनासं झालं. तुम्ही पुढचा धडा सुरू केला. तास संपत आला तेव्हा ताटात टप टप आवाज येऊ लागला. तुम्ही म्हणालात, "सडा नापीक आहे असं लिहिलंत तर मार्क मिळतील, पण ते खरं नाही. तो आपल्या गावाची टाकी आहे."

मी पुढे इंजिनीअरिंग केलं, नोकरी केली, पण इतकं स्वस्त आणि इतकं चांगलं प्रात्यक्षिक मला कुठल्याही कॉलेजात बघायला मिळालं नाही.

जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. लोखंड आणि अॅल्युमिनियम मागे राहतं, बाकीचं लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन जातं आणि पोकळ्या राहतात. पाऊस त्या पोकळ्यांत आणि भेगांत उतरतो. खाली चिकणमातीचा थर लागतो, तिथे पाणी अडतं आणि आडवं सरकत सरकत सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतं. म्हणूनच आपल्या वाड्या सड्यावर नाहीत, सड्याच्या कडेखाली आहेत. विहिरीही तिथेच, आणि देवरहाटीही तिथेच. देवरहाटीतलं रान कुणी तोडत नाही, म्हणून सदाहरित जंगलाचा तेवढा एक तुकडा आपल्या गावात उरला आहे. त्याच्या मुळाशी जो झरा आहे, त्याचं पाणी सड्यावरून येतं. ते पुढे पऱ्याने खाडीत जातं आणि खाडीतून समुद्रात. म्हणजे ज्याने पाकट कोरलं त्याचा कागद आणि त्या पाकटाचं पाणी यांचा संबंध आहे. त्याला तो माहीत होता की नाही, मी सांगू शकत नाही.

थोडं गणित सांगते, नाहीतर इंजिनीअर झाल्याचा उपयोग काय! आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. एका एकरावर तीन मीटर पाणी म्हणजे सुमारे १ कोटी २१ लाख लिटर. दहा हजार लिटरचे बाराशे टँकर. हे सगळं मुरत नाही, बरंचसं वाहून जातं, पण यातला दहावा हिस्सा मुरला तरी एकशेवीस टँकर झाले. सातबाऱ्यावर मात्र या जमिनीला "पोटखराब" लिहितात. पिकत नाही म्हणजे खराब. पावसाळ्यात याच खराब जमिनीवर दीपकाडी फुलते, सीतेची आसवं फुलतात, किडे खाणारी दवबिंदूची रोपं उगवतात. यातली दीपकाडी तर आपल्या कोकणातल्या सड्यांचीच.

आता तिसरी गोष्ट, जी सांगायला मी खरं तर उभी आहे. ती मी कुठे बोललेले नाही.

१९९८ मध्ये मला पुण्याला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. फी, वसतिगृह, पुस्तकं. बाबांचा पगार तुम्हाला माहीत आहे, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या बाबांचा तोच होता. सड्यावर आमची थोडी जमीन होती. बाबांनी त्यातली अर्धी एका चिरेखाणवाल्याला दिली. आमच्या घरात कुणाला त्यात काही वाईट वाटलं नाही. सडा पडूनच होता. चिऱ्यांनीच आपली घरं बांधली, ही शाळाही चिऱ्यांचीच आहे. बाबा म्हणाले, "दगड विकून पोरगी शिकते, यापेक्षा चांगला दगड कुठला?" मी शिकले. आज माझं जे काही आहे, ते त्या खड्ड्यातून निघालेलं आहे.

पाकट उरलेल्या अर्ध्या भागात आहे. विकलेल्या भागातही काही होतं का? एक मोठं चित्र होतं, असं दादा म्हणतो. आम्हाला ते "खाट" वाटायचं, चौकोनात चौकोन असं काहीतरी. मला ते अंधुक आठवतं. आता बघायला काही उरलेलं नाही. तिथे वीस फूट खोल खाण आहे, पावसाळ्यात लाल पाण्याने भरते.

त्या खाणीच्या बरोबर खाली जी वाडी आहे, तिथून आपल्या वर्गात पाच जण यायचे. आज त्यातले तिघे इथे आहेत. आपण शाळेत असताना त्या वाडीची बाव मे अखेरपर्यंत पुरायची. आता ती मार्चमध्ये तळ दाखवते आणि टँकर येतो. हे खाणीमुळेच झालं, असं सिद्ध करायला माझ्याकडे मोजमाप नाही. मधल्या काळात बोअरवेल वाढल्या, वापर वाढला, वर रस्ते झाले. पण बाईंनी तांब्या ओतला तो चिरा काढून घेतला, तर ताटात टप टप कुठून होणार, एवढं मला समजतं. त्या तिघांना मी आज सगळ्यांसमोर सांगते, तुमच्या हंड्यातलं थोडं पाणी माझ्या फीमध्ये गेलं आहे. बाबांवर माझा राग नाही. त्यांना तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मला मात्र बाईंनी सांगितलं होतं, आणि मी ते परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं.

गेल्या वर्षी उरलेल्या भागासाठी पुन्हा मागणी आली. भाव चांगला होता. दादाने मला फोन केला, कारण सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. मी एकदम नको म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "तुला नको म्हणायला काय जातं? तू पुण्यात. दोन वर्षं मोहोर गळतोय, औषधांचा खर्च निघत नाही. आईचं दुखणं मी बघतो. तुझं शिक्षण दगडावर झालं, आता माझ्या पोरीचं आलंय."

मित्रहो, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. जो गावात राहतो त्यालाच राखायला सांगायचं आणि जो गाव सोडून गेला त्याने हळहळायचं, हे काही बरोबर नाही.

तरी मी सुट्टी घेऊन आले. माझ्या पद्धतीने उपाय काढला. पाकटाचे मोबाइलने चारशेवर फोटो काढले, सगळ्या बाजूंनी, आणि संगणकावर त्यांचं त्रिमितीय मॉडेल केलं. फार सुंदर झालं. पडद्यावर फिरवता येतं, रेघेची खोली मोजता येते, प्रकाश पाहिजे त्या बाजूने पाडता येतो. रात्री मी ते घरच्यांना दाखवलं. आई हरखली. पुतणी म्हणाली, "आत्या, हे शाळेत दाखवू या." आणि दादा म्हणाला, "झालं तर मग. आता चित्राचा बॅकअप आहे तुझ्याकडे. दगड दिला तरी चालेल."

माझंच शस्त्र माझ्यावर उलटलं. आमच्या धंद्यात हेच तर शिकवतात, बॅकअप असेल तर घाबरू नका. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठून मी त्याला सड्यावर घेऊन गेले. जूनचे पहिले दिवस होते, रात्री पाऊस झाला होता. पाकटाच्या रेघा पाण्याने भरल्या होत्या, आठवीत दिसल्या होत्या तशाच. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत होतो. थोड्या वेळाने पाणी हळूहळू उतरायला लागलं. वाहून जात नव्हतं, खाली जात होतं. आधी शेपूट कोरडी झाली, मग अंग.

मी म्हटलं, "दादा, मॉडेलमध्येही पाणी ओतता येतं मला. पण ते खाली बावीत येत नाही."

तो काही बोलला नाही. खाली उतरताना म्हणाला, "एक वर्ष थांबतो. तोवर तू काय ते बघ." एवढंच ठरलं आहे. तो कायमचा थांबलेला नाही, आणि मी त्याच्याकडून तसं वचन मागितलेलंही नाही.

या वर्षात मी काय केलं ते सांगते. पुतणीच्या शिक्षणाचा भार मी उचलला. हे उपकार म्हणून नाही, देणं म्हणून. दुसरं, आपल्या शाळेच्या सातवी-आठवीच्या मुलांना दोन विहिरींची मोजणी करायला लावली. खर्च एका दोरीचा आणि एका वजनाचा. दर सोमवारी पाण्याची पातळी मोजायची आणि वहीत लिहायची. एक विहीर खाणीखालच्या वाडीतली, दुसरी अखंड सड्याखालची, देवरहाटीजवळची. जूनपासूनची वही आहे. चार-पाच महिन्यांवरून निष्कर्ष काढणार नाही, तीन उन्हाळे तरी बघायला हवेत. पण माझ्याकडे मोजमाप नाही, हे वाक्य निदान आपल्या मुलांना म्हणावं लागू नये.

तिसरं काम चित्रकलेच्या सरांचं आहे. सर आता ऐंशीच्या घरात आहेत. तरी ते मुलांबरोबर सड्यावर आले, सावलीला छत्री धरून बसले, आणि मुलांना चित्र काढायला सांगितलं. अट एकच, मोजून काढायचं, मनाने सजवायचं नाही. त्या दिवशी मुलांना झाडाखालची आणखी दोन पावलं सापडली, जी आपल्यापैकी कुणीच पाहिली नव्हती. ती चित्रं आज मागच्या भिंतीवर लावली आहेत. जेवणाआधी जरूर बघा.

मला इतक्या दिवसांत एक गोष्ट समजली. पाण्याची टाकी वाचवा म्हणून मी सांगितलं तर लोक मान डोलावतात आणि कामाला लागतात. त्याच कातळावर चित्र आहे म्हटलं की थांबतात, चप्पल काढतात, मुलांना बोलावतात. उक्षीला लोकांनी हत्तीभोवती चिऱ्यांची भिंत बांधली. चित्रासाठी माणसं उभी राहतात, आणि त्या चित्राच्या आडोशाने पाणीही वाचतं. पण भिंत घालून फक्त पाकटाचा तुकडा राखला आणि चारही बाजूंनी खाण झाली, तर चित्र राहील, झरा राहणार नाही. म्हणून राखायचं तर सड्यासकट राखायला हवं.

आता माझी मागणी. आपण बॅच म्हणून शाळेला काहीतरी भेट देणार आहोत. प्रोजेक्टर, कमान, पाण्याचा कूलर अशी चर्चा गटावर चालू आहे. माझी विनंती आहे की त्यातली निम्मी रक्कम सड्यासाठी ठेवावी. आपल्यातले जे वकील आहेत, त्यांनी ग्रामपंचायतीचा ठराव आणि पुरातत्त्व विभागाकडचा अर्ज बघावा. जे बँकेत आहेत, त्यांनी हिशेब बघावा. ज्यांची सड्यावर जमीन आहे, आणि अशी इथे निदान सहा घरं आहेत हे मला माहीत आहे, त्यांच्याशी मी दादाला घेऊन बोलायला येईन. सडा राखणाऱ्याला काही मिळालं पाहिजे. बघायला येणाऱ्यांना वाट दाखवणं, जेवण देणं, मुक्कामाला जागा देणं, यातून काय जमतं ते बघू. जमणार नाही असंही होईल. पण दादासारख्या माणसाला एकट्याने राखायला सांगायचं नाही, एवढं तरी आपण ठरवू.

शेवटी बंदरावरच्या मैत्रिणीचं एक वाक्य सांगते. काल रात्री ती म्हणाली, "खाडीत आता लाल गाळ येतो पावसात. तिसऱ्या कमी झाल्या. पाकट तर जाळ्यात कधीतरीच." मी तिला म्हटलं, तूच पहिली ओळखलीस ती. ती म्हणाली, "ओळखायला काय, घरी होती म्हणून ओळखली. आता माझी पोरं पतंगच म्हणतील."

उद्या सकाळी साडेसहाला शाळेच्या फाटकापाशी जमायचं आहे. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी पाखाडीने यावं, बाकीच्यांसाठी दोन रिक्षा सांगितल्या आहेत. मुलांना जरूर आणा. पाऊस संपलाय, त्यामुळे रेघांत पाणी नसेल. पण माझ्या पुतणीने सांगितलंय की ती एक कळशी वर घेऊन येणार आहे. बाई, ती तुम्हीच ओतायची.